आठवड्याचे १६८ तास आणि नर्सिंगचं पहिलं वर्ष

प्रश्न: मी ३४ वर्षांची आहे. यंदा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. सोमवार, बुधवार, शुक्रवार ९ ते साडेतीन वर्ग असतात. मंगळवार आणि गुरुवार सकाळी ७ ते ३ वॉर्डात क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचं काम. सोमवार ते शनिवार संध्याकाळी ५ ते १० पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर नोकरी करते, ती पूर्ण सोडणं परवडणार नाही. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४. यजमानांची पाळी दर आठवड्याला बदलते. सासूबाई घरी असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. मी पहाटे ५ला उठते, कामावरून आल्यावर घर आवरून अकराला पुस्तक उघडते आणि एकला झोपते. फार्माकॉलॉजीत (औषधशास्त्रात) १०० पैकी ३८ मिळाले, पासिंग ५०. औषधांची गणितं तर जवळपास सगळीच चुकली. तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा आहे. गेल्या आठवड्यात वॉर्डात बीपी घेताना डोळे मिटत होते. मुलगा रात्री बिलगून "उद्या नको जाऊस" म्हणतो. सासूबाई म्हणतात, एवढा जीव काढून शिकायचं हे वय आहे का? कोर्स सोडून देऊ का?

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आत्ता सोडू नका. पण आहे तसंही चालू ठेवू नका. तुमची जिद्द कमी पडलेली नाही, तुमच्या आठवड्याचं गणित जुळत नाहीये. ते कागदावर मांडलं की कुठे हात घालायचा ते दिसेल.

आठवड्यात १६८ तास. झोप रोज ७ धरली तर ४९. वर्ग मधली सुट्टी वगळून १८, वॉर्ड १६, नोकरी ३०. प्रवास तुमच्या वेळापत्रकावरून १०च्या आसपास. आंघोळ, जेवण, स्वतःचं आवरणं रोज २ तास, म्हणजे १४. घर आणि मुलं रोज ३ तास, म्हणजे २१. अभ्यास वर्गाच्या प्रत्येक तासामागे किमान एक तास, म्हणजे १८. बेरीज होते १७६. आठ तास कमी पडतात, आणि यात मुलाचा ताप, पाहुणे, उशिरा आलेली बस यातलं काहीच धरलेलं नाही. हे आठ तास आज तुम्ही झोपेतून काढता आहात. ४९ मधले ८ गेले की उरतात ४१, म्हणजे सरासरी रोज सहा तासही नाहीत. आणि तुम्ही लिहिलेल्या वेळांप्रमाणे कामाच्या दिवशी तर चारच. डोळे मिटतात ते म्हणूनच.

झोपेला हात लावायचा नाही, ही आमची पहिली अट. १९९७मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी दाखवून दिलं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना जितकी घसरते तितकी घसरते. तुम्ही ५ला उठता, म्हणजे रात्री १०ला तुमचे १७ तास भरतात. त्यानंतर तासाभराने तुम्ही औषधांची गणितं घेऊन बसता. वाचलेलं डोक्यात पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं, त्यामुळे अकरा ते एकचा अभ्यास दोन्ही बाजूंनी वाया जातो: करतानाही उमजत नाही आणि नंतरही टिकत नाही. आजपासून ते दोन तास बंद करा. चहा-कॉफी झोपण्याआधी सहा तास थांबवा, कारण कॅफिनचा अर्धा भाग साधारण पाच तासांनीही अंगात असतो. दुपारी वेळ मिळाला तर वीस मिनिटांचा गजर लावून डुलकी घ्या. त्याहून लांबली तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि नंतर बराच वेळ डोकं जड राहतं.

मग आठ तास कुठून काढायचे? वर्ग हलत नाही. वॉर्ड तर अजिबातच हलत नाही, कारण नर्स म्हणून नोंदणीसाठी क्लिनिकलचे ठरलेले तास भरावे लागतात आणि चुकलेली पोस्टिंग पुन्हा करावी लागते. उरतात दोनच जागा, नोकरी आणि घर.

नोकरीत पूर्ण सुट्टी नको, दोन संध्याकाळी मागा: सोमवार आणि बुधवार. या तुमच्या वॉर्डाच्या आदल्या संध्याकाळी आहेत. ३०चे २० तास होतात, आणि ज्या दोन रात्री शांत झोप सर्वांत गरजेची त्याच मोकळ्या होतात. मागताना "जमत नाहीये, काहीतरी करा" असं म्हणू नका. सत्राचं पूर्ण वेळापत्रक छापून न्या, परीक्षेचे आठवडे त्यावर खुणा करून ठेवा, आणि त्या दोन संध्याकाळी काउंटर कोण सांभाळेल याची एक सूचना स्वतःच मांडा. सहकाऱ्याशी आधी बोलून, सत्राच्या सुट्टीत तिच्या पाळ्या तुम्ही कराल असं ठरवा. हे सगळं लेखी द्या आणि तीन-चार आठवड्यांची मुदत द्या. उत्पन्न घटेल, ते कुठून भरून काढायचं हे घरी त्याच आठवड्यात बसून ठरवा. कॉलेजकडे फीचे हप्ते आणि शिष्यवृत्ती विचारा. एखादं रुग्णालय खर्च उचलायला तयार असेल तर सही करण्याआधी बॉण्ड किती वर्षांचा आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, या दोन ओळी शोधून वाचा. पैसे वाढतात म्हणून रात्रपाळी मात्र घेऊ नका. रात्रपाळीवरून थेट वॉर्डात गेलेली विद्यार्थिनी रुग्णासाठीही धोक्याची असते.

नोकरीतून दहा तास सुटले की बेरीज १६६ होते. दोनच तास शिल्लक, म्हणजे पहिल्या तापातच गाडी रुळावरून घसरणार. म्हणून घरातले पाच तासही कमी करायचे. शिल्लक सात होते, आणि ती अडीअडचणीसाठी राखून ठेवायची.

घरातलं काम कमी करताना बहुतेक घरांत एकच चूक होते: काम दुसऱ्याला दिलं जातं, पण ते लक्षात ठेवण्याचं ओझं बाईच्याच डोक्यावर राहतं. "सांग, मी करतो" म्हणणारा नवरा मदत करतो खरा, पण सांगायचं काम तुमचंच उरतं. वॉर्डात पाळी बदलताना हँडओव्हर होतो, तेव्हा पुढच्या नर्सकडे पूर्ण रुग्ण जातो, नुसती औषधांची यादी नाही. घरातही तसंच करा. मंगळवार-गुरुवारची मुलांची सकाळ यजमानांकडे पूर्ण सोपवा: उठवणं, आवरणं, शाळेची डायरी वाचणं, सही करणं, काही विकत आणायचं असेल तर तेही. तुम्ही मधे डोकावायचं नाही. मोजे वेगळ्या रंगांचे निघाले तरी गप्प राहायचं, नाहीतर आठवड्याभरात काम परत तुमच्याकडे येतं. पाळी बदलत असल्याने एकच तक्ता चालणार नाही. त्यांच्या प्रत्येक पाळीसाठी वेगळा कागद करा आणि त्या त्या आठवड्याचा कागद रविवारी भिंतीवर लावा. ज्या आठवड्यात ते सकाळी कामावर असतील, त्या आठवड्यातल्या त्या दोन सकाळींसाठी शेजारी किंवा नातेवाइकांपैकी एक माणूस आत्ताच ठरवून ठेवा.

सासूबाईंना बसून होणारी कामं द्या: धाकट्याला गोष्ट वाचून दाखवणं, कपड्यांच्या घड्या, मुलीचे पाढे ऐकणं. आणि त्यांच्या वाक्याला भांडणाने उत्तर देऊ नका. त्या बोलतात वयाबद्दल, पण त्यांना दिसतंय ते तुमचं ओढलेलं तोंड. त्यांच्यासमोर नवं वेळापत्रक ठेवा, कोर्स कोणत्या महिन्यात संपतो ते सांगा आणि त्यांचा सहभाग मागा. शेवटची तारीख माहीत असली की घरातली माणसं बरंच काही निभावून नेतात. नऊ वर्षांची मुलगी स्वतःचं दप्तर, पाण्याची बाटली आणि बूट रात्रीच दारापाशी ठेवू शकते. त्याहून जास्त भार तिच्यावर टाकू नका, भावाची आई होण्याचं काम तिचं नाही.

मुलाबद्दल. चार वर्षांच्या मुलाला "तीन वाजता येते" याचा अर्थ कळत नाही, "तू दुपारी झोपून उठलास की मी घरात असेन" हे कळतं. म्हणून वेळ त्याच्या दिनक्रमातल्या खुणेने सांगा, आणि खरोखर त्या वेळेला पोहोचणार असाल तरच सांगा. कॅलेंडरवर वॉर्डाचे दिवस एका रंगाने, तुम्ही संध्याकाळी घरी असण्याचे दिवस दुसऱ्या रंगाने रंगवायला त्यालाच द्या. रोज वीस मिनिटं फक्त त्याची, फोन दुसऱ्या खोलीत, खेळ तो निवडेल तो. दिवसभर अर्धं लक्ष देण्यापेक्षा ही वीस मिनिटं त्याला जास्त पुरतात. सरावासाठीही घर उपयोगी पडतं. मुलीच्या मनगटावर नाडी मोजा, पूर्ण एक मिनिट. मोठ्यांची विश्रांतीत ६० ते १००, मुलांची त्याहून जलद, हा फरक हाताला कळला की पुस्तकातलं कोष्टक पाठ करावं लागत नाही.

आता अभ्यास. १८ तास कुठे बसतील ते पाहा. वर्ग सुटल्यावर घरी न धावता पाऊण तास ग्रंथालयात, आठवड्यातून तीनदा. वॉर्ड सुटल्यावर मंगळवार-गुरुवार एक एक तास तिथेच बसून. सोमवार-बुधवार संध्याकाळी दीड दीड तास आणि साडेनऊला झोप. शनिवारी सकाळी ४, रविवारी दोन बैठकांत मिळून ५. ही बेरीज सव्वासोळा. उरलेले पावणेदोन तास प्रवासात औषधांची कार्डं पाहून, ती कशी करायची ते पुढे सांगतो.

वॉर्डानंतरचा तो एक तास केअर प्लॅनचा, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्याचा. त्याच दिवशी लिहा. दोन दिवसांनी लिहायला घेतलं की काय पाहिलं ते आठवत नाही आणि एका तासाच्या कामाला तीन लागतात. यासाठी वॉर्डात खिशात एक दुमडलेला कागद ठेवा आणि डोक्यापासून पायापर्यंत ठरावीक क्रमाने टिपा: शुद्धीवर आहे का, श्वास, नाडी-बीपी, पोट, लघवी, त्वचा, हालचाल, वेदना. रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही त्यावर नको, आणि काम झालं की कागद फाडून टाका. पहिल्या वर्षाच्या केअर प्लॅनमध्ये गुण जातात ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक, नर्सिंग डायग्नोसिसच्या जागी "न्यूमोनिया" असा डॉक्टरांचा आजार लिहिला जातो. तिथे नर्स जे सांभाळते ते हवं, उदाहरणार्थ घट्ट कफामुळे श्वसनमार्ग मोकळा न राहणं. दोन, ध्येय मोजता येत नाही. "रुग्णाला बरं वाटेल" हे तपासणार कसं? "पाळी संपेपर्यंत रुग्ण स्वतः खोकून कफ काढू शकेल आणि श्वसनगती मिनिटाला २०च्या वर नसेल" असं लिहिलं की मूल्यमापन आपोआप लिहून होतं.

वॉर्डाची तयारी आदल्या रात्री दहा मिनिटांत उरका: गणवेश, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, ओळखपत्र, दोन पेनं, स्टेथोस्कोप, एका पिशवीत. हेपेटायटिस बीची लस झाली असल्याची नोंदही एकदा पाहून घ्या. नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, त्यामुळे ऐनवेळी धावपळ करून ते पूर्ण होत नाहीत.

औषधांची गणितं सगळी चुकली म्हणून गणित कच्चं असं समजू नका. अशा विद्यार्थ्यांच्या वह्या पाहिल्या की गुणाकार-भागाकार बरोबरच असतात. चूक मांडणीत, एककांत किंवा वेळेत असते. ऑर्डर ३७५ मिलिग्रॅमची, बाटलीवर लिहिलंय ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. हवं ते वर, हातात आहे ते खाली: ३७५ भागिले २५०, गुणिले ५, उत्तर ७.५ मिली. घाईत उलटं मांडलं तर ३.३ येतं. पण आकडेमोडीच्या आधीच स्वतःला विचारलं असतं, "५ मिलीत २५० आहे, मला त्याहून जास्त हवंय, मग उत्तर ५च्या वर हवं की खाली?" तर ३.३ लगेच खटकलं असतं. हा अंदाज प्रत्येक गणिताच्या आधी लिहायची सवय लावा. उत्तरात दोन-तीनहून जास्त गोळ्या किंवा व्हायल (औषधाच्या कुप्या) आल्या, तर पुढे जायचं नाही, परत मांडायचं.

सलाइनचं तसंच. १००० मिली ८ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा, म्हणजे एका मिलीला २० थेंब. १००० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, उत्तर ४१.६६, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. इथे नेहमीची चूक म्हणजे ४८०च्या जागी ८ तासच ठेवणं. मग उत्तर २५०० येतं. मिनिटाला २५०० थेंब कोणाला मोजता येतील? सूक्ष्म थेंबांचा सेट असेल तर एका मिलीला ६० थेंब, त्यामुळे तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब यांचा आकडा एकच येतो: ताशी १२५ मिली म्हणजे मिनिटाला १२५ थेंब. तिसरी अडचण मायक्रोग्रॅमची. ऑर्डर १२५ मायक्रोग्रॅम, गोळी ०.२५ मिलिग्रॅमची. आधी दोन्ही एकाच एककात आणा: ०.२५ मिलिग्रॅम म्हणजे २५० मायक्रोग्रॅम, म्हणून अर्धी गोळी. लिहिताना दशांशचिन्हाआधी शून्य नेहमी द्या, ०.५ असं. पूर्ण आकड्यानंतर दशांश आणि शून्य कधीच नको, कारण ५.० मधला ठिपका पुसट झाला की ते ५० वाचलं जातं आणि रुग्णाला दहापट डोस जातो.

फेरपरीक्षेपर्यंत रोज १० गणितं, पंधरा-वीस मिनिटं, कागदावर, एककांसह. चुकलेल्या प्रत्येक गणितापुढे चुकीचा प्रकार लिहा: एकक, उलटी मांडणी, वेळ की दशांश. चार-पाच दिवसांत दिसेल की तुमच्या चुका एक-दोन प्रकारांतच आहेत, आणि तेवढ्यावरच लक्ष देता येईल.

औषधं सुटी सुटी पाठ करू नका, गटाने घ्या. एका कार्डावर एक गट आणि चार प्रश्न: का देतात, देण्याआधी काय तपासायचं, दिल्यावर कशावर लक्ष ठेवायचं, रुग्णाला काय सांगायचं. नावाचा शेवट 'लॉल' असेल (मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल) तर बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणारा गट, आधी नाडी आणि बीपी. शेवट 'प्रिल' (एनालाप्रिल, रॅमिप्रिल) असेल तर कोरडा खोकला आणि वाढणारं पोटॅशियम ध्यानात ठेवा. इन्शुलिनआधी साखर पाहायची आणि जेवण येतंय ना याची खात्री करायची. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. प्रौढात ६०च्या खाली असतील तर डोस थांबवून वरिष्ठांना कळवायचं. कार्ड वाचायचं नाही. प्रश्न पाहायचा, उत्तर मोठ्याने बोलायचं, मगच उलटायचं. आठवून पाहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलेल्यापेक्षा जास्त दिवस टिकतं. तेच कार्ड त्याच दिवशी, दोन दिवसांनी, आठवड्याने असं परत काढा. मुलगी कार्ड धरून प्रश्न विचारू शकते, तिलाही ते आवडेल.

आणि तुमच्याजवळ एक भांडवल आहे, जे तुम्ही पत्रात हिशेबात धरलेलंच नाही. लॅबच्या काउंटरवर तुम्ही रोज नमुने घेता. निळ्या झाकणाची सायट्रेटची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) ट्यूब खुणेपर्यंत भरलेली नसेल तर परत पाठवता, कारण रक्त आणि सायट्रेटचं ९ला १ हे प्रमाण बिघडलं की गोठण्याचा वेळ खोटा वाढलेला दिसतो. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए (हेही रक्त गोठू न देणारं रसायन) दुसऱ्या नमुन्यात मिसळलं तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. वर्गातल्या अनेकींना हे पहिल्यांदाच ऐकायला मिळेल. हाच धागा फार्माकॉलॉजीत न्या. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं हे रिपोर्टवर तुम्ही पाहता. फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाने लघवीवाटे ते जातं, आणि ते कमी झालं की डिगॉक्सिन विषारी ठरू शकतं. एका आकड्याभोवती तीन गोष्टी जमल्या की त्या परीक्षेत वेगळ्या आठवाव्या लागत नाहीत.

शिक्षकांना याच आठवड्यात भेटा, फेरपरीक्षेनंतर नको. तपासलेली उत्तरपत्रिका मागा आणि गुण कुठे गेले ते दाखवायला सांगा. डोळे मिटत होते हेही वॉर्डातल्या मार्गदर्शक शिक्षिकेला सांगा. पुन्हा तसं झालं तर औषध काढण्याआधी "मला आत्ता दुसऱ्या कुणाची तपासणी हवी आहे" असं मोकळेपणाने म्हणा. त्यात कमीपणा नाही, सुरक्षित नर्स तेच करते.

मूल आजारी पडलं तर पहिला फोन कोणाला, दुसरा कोणाला, ही दोन नावं फ्रिजवर लावा. रजा वर्गाच्या दिवसांसाठी शक्यतो वापरू नका, वॉर्डाच्या दिवसासाठी राखा. तुम्हाला स्वतःला उलट्या-जुलाब झाले तर ते थांबल्यावर ४८ तास वॉर्डात जायचं नसतं, तेव्हाही तीच रजा उपयोगी पडते.

हे सगळं सहा आठवडे करून पाहा. लॅबने दोन संध्याकाळी दिल्याच नाहीत, किंवा दिल्यावरही झोप सहा तासांच्या खालीच राहिली, तर सोडण्याऐवजी एका सत्राची अधिकृत विश्रांती किंवा कमी विषयांचा पर्याय मागा. कार्यालयाला चार गोष्टी विचारा: विश्रांती जास्तीत जास्त किती काळ मिळते, पूर्ण केलेले क्लिनिकलचे तास ग्राह्य राहतात का, भरलेली फी पुढच्या सत्रात धरली जाते का, आणि परत येताना अभ्यासक्रम बदललेला असेल तर कोणता लागू होतो. हे ई-मेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. परतीच्या सत्रात ज्यांच्याशी गाठ पडेल ती माणसं वेगळी असू शकतात, तोंडी दिलेला शब्द त्यांना माहीत नसेल.